नक्षत्रे, वर्ण आणि बौद्ध वाचक
(शं. बा. दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाच्या निमित्ताने)

कळव्यातील एका विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक गृहस्थ प्रस्तुत लेखकाजवळ येऊन बसले. त्यांच्या मुलाचे लग्न जवळजवळ ठरले होते. दोन्ही घरे बौद्ध. दोन्ही घरांच्या भिंतींवर तथागत आणि बाबासाहेब. शेवटच्या बैठकीत मुलीच्या मामांनी पत्रिका मागितली आणि चार दिवसांनी निरोप आला की एकनाड येत असल्यामुळे आम्हांला पुढे जाता येत नाही. घरी धाकट्या मुलीने वडिलांची समजूत घातली की पत्रिका हा प्रकार जुनाट आहे, तिच्या कार्यालयातील मैत्रिणी टॅरोची पाने पाहतात, आपण तेथे विचारू. हे सर्व सांगून झाल्यावर ते गृहस्थ म्हणाले, “सर, हे खोटे आहे एवढे मला ठाऊक आहे. पण का खोटे आहे, ते मला चारचौघांत सांगता येत नाही. त्या बैठकीत मी गप्प बसलो. एखादे पुस्तक सांगा.”

या मागणीने मी विचारात पडलो. ज्योतिषाचा निषेध करणाऱ्या पुस्तिका आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांचे कार्य मोलाचे आहे. परंतु त्या गृहस्थांना निषेध शिकायचा नव्हता. तो त्यांच्यापाशी होताच. त्यांना हवे होते ज्ञान. ज्या गोष्टीला आपण नकार देतो ती कोठून आली, कधी आली, कोणी घडवली आणि तिच्या पोटात काय दडले आहे, हे माहीत असलेला मनुष्य बैठकीत गप्प बसत नाही. म्हणून मी त्यांना सव्वाशे वर्षांहून जुना एक मराठी ग्रंथ सांगितला, आणि त्याची शिफारस या पानांतून सर्व उपासक-उपासिकांना करीत आहे. तो ग्रंथ म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’. शिफारस मात्र सशर्त आहे. हा ग्रंथ एकट्याने वाचू नये, पाली वाङ्मय शेजारी ठेवून वाचावा.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला आणि १८९८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीच, ते निवर्तले. शिक्षकाची नोकरी करीत त्यांनी जो व्यासंग केला त्याला आपल्या भाषेत तोड नाही. फ्लीट यांनी १८८८ मध्ये गुप्त राजांचे शिलालेख प्रसिद्ध केले तेव्हा त्यांतील तिथींचे गणित दीक्षितांनी करून दिले. रॉबर्ट सुएल यांच्यासमवेत त्यांनी भारतीय कालगणनेवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी प्रस्तुत मराठी ग्रंथही प्रसिद्ध झाला. १९५७ मध्ये त्याचा हिंदी अनुवाद झाला आणि पुढे भारत सरकारने इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध केला. अन्य भाषांतील अभ्यासकांना अनुवाद करून घ्यावासा वाटला असा शास्त्रेतिहासाचा ग्रंथ मूळ मराठीत लिहिला गेला, ही गोष्ट मराठी वाचकांनी विसरू नये.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात वेदकाल आणि वेदांगकाल यांचा विचार आहे. दुसऱ्यात सिद्धांतग्रंथांपासून आधुनिक पंचांगांपर्यंतचा इतिहास गणित, संहिता आणि जातक या तीन स्कंधांनुसार मांडलेला आहे. येथे एक शब्दभेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. दीक्षितांच्या काळी ‘ज्योतिष’ या एका शब्दात आकाशातील गोलांचे गणित आणि माणसाच्या नशिबाचे भाकीत या दोन्ही गोष्टी सामावलेल्या होत्या. आज पहिलीस आपण खगोलशास्त्र म्हणतो आणि दुसरीस फलज्योतिष. दीक्षितांचे मन पहिल्या गोष्टीत रमलेले आहे. ग्रंथाचा फार मोठा भाग गणिताचा आहे आणि जातकाच्या वाट्याला त्या मानाने थोडीच पाने आली आहेत. राशिभविष्य शिकण्याच्या इच्छेने हा ग्रंथ उघडणाऱ्याची निराशा होईल. आपल्या दृष्टीने हाच त्याचा पहिला गुण.

आता त्यातून काय हाती लागते ते पाहू. पत्रिका ही अनादि आहे, ऋषींना दिव्यदृष्टीने दिसलेली आहे, असा सर्वसामान्य समज आहे. दीक्षित वेदांचे कठोर टीकाकार नव्हते. वेदांविषयी त्यांना आदरच होता. तरीही त्यांनी वेद, ब्राह्मणग्रंथ आणि वेदांगज्योतिष चाळून जे नोंदवले त्याचे सार असे की तेथे नक्षत्रे आहेत, महिने आहेत, अयने आहेत, पण मेष-वृषभादि बारा राशी नाहीत आणि रविवार-सोमवार हे वारही नाहीत. वेदांगज्योतिषाचा हेतू यज्ञाचा काळ ठरविणे एवढाच होता. राशी आणि वार ज्याच्या पायाशी आहेत अशी आजची जन्मपत्रिका त्या काळी असणे शक्यच नव्हते. वाराचा उल्लेख असलेला भारतातील सर्वांत जुना ज्ञात कोरीव लेख मध्य प्रदेशातील एरण येथील स्तंभावर आहे. तो बुधगुप्ताच्या कारकिर्दीतील, गुप्त संवत् १६५ चा, म्हणजे इसवी सन ४८४ मधील असून त्यात गुरुवार नमूद आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर आठ-नऊ शतकांनी!

पाली तिपिटकाची साक्षही हेच सांगते. उपोसथ पाळावयाचा तो पक्षाच्या अष्टमीला, चतुर्दशीला, पंचदशीला. कोणत्याही वाराला नव्हे. तिपिटकात नक्षत्रे वारंवार येतात, पण बारा राशींचे चक्र येत नाही. दोन स्वतंत्र परंपरांचे वाङ्मय एकाच गोष्टीविषयी मौन बाळगते तेव्हा त्या मौनाला पुराव्याचे मोल येते.

मग राशी आणि कुंडली आल्या कोठून? या विद्येच्या परिभाषेतच उत्तर आहे. होरा, केंद्र, द्रेष्काण, लिप्ता हे शब्द ग्रीक भाषेतून संस्कृतात आलेले आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिराने यवनांच्या मतांचा वारंवार उल्लेख केला असून यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रातील अधिकारामुळे ते ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, असे वचनही ‘बृहत्संहिते’त नोंदविले आहे. दीक्षितांच्या नंतर या विषयावर पुष्कळ संशोधन झाले. डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ मध्ये ‘यवनजातक’ हा संस्कृत ग्रंथ संपादित केला आणि ग्रीक फलज्योतिष भारतात कसे रुजले याचा विस्तृत आलेख मांडला. त्या ग्रंथाच्या काळाविषयी आज नवा वाद आहे, परंतु ग्रीक प्रभाव कोणी अमान्य करीत नाही. येथे दीक्षितांशी मतभेद नोंदविणे प्राप्त आहे. जातकस्कंधाचे मूळ भारतीयच आहे, असे दाखविण्याकडे त्यांचा कल होता. जन्मनक्षत्रावरून शुभाशुभ पाहण्याची जुनी देशी पद्धत होती हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु बारा घरांची कुंडली त्या पद्धतीतून उगवली असे आज म्हणता येत नाही.

या इतिहासाचा अर्थ ‘परकीय म्हणून त्याज्य’ असा कोणी घेऊ नये. आपला धम्म स्वतःच सीमा ओलांडून गेलेला आहे. अर्थ इतकाच की ज्या गोष्टीला जन्मतारीख आहे, प्रवास आहे, उसनवारी आणि दुरुस्त्या आहेत, ती आकाशाची आज्ञा नसून माणसांची रचना असते. जी माणसांनी रचली तिची तपासणी माणसांनी करावी.

दीक्षितांच्या आयुष्यातील एक लढा या संदर्भात उद्बोधक आहे. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. पृथ्वीचा अक्ष मंदगतीने फिरत असल्यामुळे संपातबिंदू सरकतो आणि प्रचलित निरयन पंचांगातील राशी ऋतूंपासून दूर जातात. दिवस मोठा होऊ लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास, आपण मकरसंक्रांत मानतो १४ किंवा १५ जानेवारीला. सायन आणि निरयन यांत आज सुमारे २४ अंशांचे अंतर आहे. सूर्यराशीपुरतेच बोलावयाचे तर ५ एप्रिलला जन्मलेला मनुष्य पाश्चात्त्य पद्धतीने मेषेचा ठरतो आणि आपल्या निरयन पंचांगाप्रमाणे मीनेचा. एकाच माणसाचे दोन स्वभाव आणि दोन भविष्ये सांगणाऱ्या या दोन पद्धती शेजारी शेजारी सुखाने नांदतात, कारण दोघींनाही परीक्षेला बसावयाचे नसते.

त्या गृहस्थांच्या कन्येला आधुनिक वाटणाऱ्या टॅरोची कथा याहून वेगळी नाही. ७८ पानांचा हा संच पंधराव्या शतकात उत्तर इटलीत पत्त्यांचा एक खेळ म्हणून निघाला. पॅरिसच्या कूर द जेबलँ यांनी १७८१ मध्ये असे प्रतिपादन केले की ही पाने म्हणजे प्राचीन ईजिप्तच्या पुरोहितांचे गूढज्ञान आहे. ईजिप्तची चित्रलिपी त्या वेळी कोणालाच वाचता येत नव्हती. तिचा उलगडा शांपोल्यों यांनी १८२२ मध्ये केला, आणि त्या लिपीत टॅरोचा कसलाही आधार मिळाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील एका गूढवादी मंडळाने प्रत्येक पानाला ग्रह आणि राशी चिकटविल्या. आज सर्वत्र दिसणारी चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली व ती १९०९ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये ‘द गेम ऑफ टॅरो’ या ग्रंथात हा इतिहास कागदोपत्री सिद्ध केला. आपल्या रस्त्यावर पोपटाकडून पाकीट उचलून घेणारा गरीब भविष्यवाला आणि वातानुकूलित खोलीत पाने मांडणारी वाचक यांच्यात फरक आहे तो दराचा.

आता ग्रंथाच्या मर्यादेकडे वळू, कारण बौद्ध वाचकाचे खरे काम तेथून सुरू होते. दीक्षितांनी ‘कधी’ आणि ‘कसे’ हे प्रश्न विचारले, ‘कोणासाठी’ हा प्रश्न विचारला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी तो त्यांच्या आधीच विचारला होता. १८८३ साली सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या पहिल्याच प्रकरणात जन्मापासून मरणापर्यंत ग्रह, मुहूर्त आणि दाने यांच्या नावाखाली कुणब्याचे घर कसे धुऊन नेले जाते, याचा हिशोब आहे. तोच प्रश्न घेऊन आपण जातकग्रंथांच्या आत शिरलो तर काय दिसते?

वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त ग्रहांना वर्ण दिलेले आहेत. गुरू आणि शुक्र ब्राह्मणांचे, रवी आणि मंगळ क्षत्रियांचे, चंद्र वैश्यांचा, बुध शूद्रांचा, आणि शनी अंत्यजांचा. ज्या ग्रहाच्या नुसत्या नावाने घरात भीती पसरते, ज्याच्या साडेसातीवर तेल ओतले जाते, तो ग्रह कोणाला बहाल करण्यात आला आहे हे प्रत्येक बौद्ध घराने एकदा जाणून घ्यावे. त्याच ग्रंथकाराच्या ‘बृहत्संहिते’त नक्षत्रेही जातवार वाटून दिली आहेत. तेथे चांडाळांच्या वाट्याला आश्लेषा, विशाखा, श्रवण आणि भरणी ही चार नक्षत्रे आली आहेत. विशाखेवरून वैशाख महिन्याचे नाव पडले आणि वैशाखी पौर्णिमेला आपण तथागतांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण यांचे स्मरण करतो. ज्या नक्षत्राजवळचा पूर्णचंद्र जगभरच्या बौद्धांना पवित्र आहे ते नक्षत्र शास्त्रकाराने चांडाळांना नेमून दिले! हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण आकाशाची वाटणीही गावकुसाच्या नियमाने झाली होती, एवढे यावरून निश्चित दिसते.

विवाहाच्या वेळी जे छत्तीस गुण पाहतात त्यांतही हेच आहे. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७ आणि नाडी ८, अशी त्यांची बेरीज होते. यातला पहिलाच गुण ‘वर्ण’. कर्क, वृश्चिक, मीन या राशी ब्राह्मण. मेष, सिंह, धनु क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. आणि मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा असेल तरच तो एक गुण पदरात पडतो. म्हणजे १९५६ साली ज्या घराने वर्णव्यवस्था दाराबाहेर ठेवली त्याच घरात ती छत्तीसांपैकी एक गुण होऊन मागच्या दाराने आली आणि वधूला पुन्हा वराखाली बसवून गेली. ज्या नाडीवरून त्या गृहस्थांचे लग्न मोडले ती आद्य, मध्य, अंत्य अशी तीन भागांत नक्षत्रे वाटून ठरवितात. दोघांची नक्षत्रे एकाच भागात पडली की आठही गुण शून्य. या वाटणीचा रक्ताशी किंवा अपत्याच्या आरोग्याशी संबंध असल्याचे आजवर दिसून आलेले नाही. लग्नापूर्वी आरोग्याचीच काळजी असेल तर थॅलसेमिया, सिकलसेल यांसाठी रक्ततपासणी करावी. ती खरी काळजी होय.

अशा वेळी पाली वाङ्मय काय सांगते? दीघनिकायातील पहिल्याच ब्रह्मजालसुत्तात आणि त्यानंतरच्या सामञ्ञफलसुत्तात ग्रहणांचे फल सांगणे, विवाहाचा काळ काढणे, अंगावरील खुणा पाहणे, स्वप्नांचा अर्थ लावणे यांवर उपजीविका करण्याला ‘तिरच्छानविज्जा’ म्हटले असून भिक्खू तिच्यापासून अलिप्त असतो असे सांगितले आहे. सुत्तनिपातातील तुवटकसुत्तही तेच बजावते. नक्खत्तजातकाची कथा तर त्या गृहस्थांचीच कथा आहे. नगरातील एका कुटुंबाने खेड्यातील मुलगी पसंत करून दिवस ठरविला आणि मग कुळाच्या आजीवक गुरूला मुहूर्त विचारला. आपल्याला आधी विचारले नाही याचा राग येऊन त्याने आजचे नक्षत्र वाईट आहे असे सांगितले. नगरवासी गेले नाहीत, खेड्यातील मंडळींनी मुलगी दुसऱ्या स्थळी देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी भांडण झाले तेव्हा एका शहाण्या माणसाने निकाल दिला की नक्षत्राची वाट पाहणाऱ्या मूर्खाच्या हातून हित निसटून जाते. कार्य साधणे हेच कार्याचे नक्षत्र होय, तारे त्यात काय करणार? मुहूर्तामागे ताऱ्याचा कोप नसून एका माणसाचा दुखावलेला अहंकार होता, हे ओळखणारी ही कथा आहे.

याचा अर्थ बौद्धांनी आकाशाकडे पाठ फिरविली असा नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंना चोरांनी आज कोणते नक्षत्र आहे, दिशा कोणती आहे असे विचारले. भिक्खूंना सांगता आले नाही आणि त्यांनी मार खाल्ला. त्यानंतर अरण्यवासी भिक्खूंनी नक्षत्रांची स्थिती आणि दिशा शिकून घ्याव्यात असा नियम झाला. नक्षत्र दिशा आणि काळ जाणण्यासाठी शिकावे, नशीब जाणण्यासाठी नव्हे, ही सीमारेषा विनयाने इतकी स्पष्ट आखली आहे. दीक्षितांच्या ग्रंथातील गणित आपण आदराने वाचावे ते याच आधारावर.

प्रामाणिक परीक्षणात आपल्या परंपरेतील अडचणीही सांगितल्या पाहिजेत. अंगुत्तरनिकायातील एका सुत्तात कर्मापेक्षा मंगल-अमंगलावर विश्वास ठेवणाऱ्या उपासकाला उपासकांतला ‘चांडाळ’ म्हटले आहे. जातीच्या नावाने दिलेले हे दूषण आपल्याला खटकते, आणि खटकलेच पाहिजे. जन्माने कोणी हीन ठरत नाही असे सांगणारे वसलसुत्त त्याच पिटकात आहे, म्हणून आपण विचार घ्यावा व शब्द मागे ठेवावा. दुसरी अडचण लक्षणांची. ब्रह्मजालात लक्षणविद्या निंद्य ठरते, तर लक्खणसुत्तात महापुरुषाची बत्तीस लक्षणे भक्तीने वर्णिली जातात. बाबासाहेबांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथातही असित ऋषींचे भाकीत आहे. मग आपला धर्मग्रंथच भविष्यकथनाने सुरू होत नाही काय, असे कोणी विचारील.

उत्तर त्याच ग्रंथात आहे. परंपरागत कथेत भाकीत खरे ठरते ते वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी या चार दृश्यांमुळे. बाबासाहेबांनी ती चार दृश्ये बुद्धीला पटत नाहीत म्हणून प्रस्तावनेतच नाकारली आणि गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, शाक्य संघातील मतदान आणि सिद्धार्थाने युद्धाला केलेला विरोध पुढे आणला. भाकीत पानावर राहिले, पण त्याच्या हातातील सारे काम काढून घेण्यात आले. सिद्धार्थ घराबाहेर पडतो तो आपल्या निर्णयाने.

आणखी एक आक्षेप मला आपल्याच एका तरुणाकडून ऐकावा लागला. ज्योतिष ही ब्राह्मणांची मक्तेदारी होती, आता आपली मुलेही ती विद्या शिकू लागली तर त्यात समता नाही काय? हा आक्षेप नवा नाही. ‘दिव्यावदाना’तील शार्दूलकर्णावदानात त्रिशंकू हा मातंगांचा राजा आपल्या मुलासाठी पुष्करसारी ब्राह्मणाची कन्या मागतो. ब्राह्मण संतापतो. त्रिशंकू प्रथम जातिभेदाचे अप्रतिम खंडन करतो आणि मग नक्षत्रविद्येचे दीर्घ विवेचन करून आपली विद्वत्ता सिद्ध करतो. या कथेचा प्रारंभीचा भाग, आनंद आणि मातंगकन्या प्रकृती यांचा, रवींद्रनाथांच्या ‘चंडालिके’मुळे सर्वांना परिचित आहे. त्रिशंकूचा स्वाभिमान थोर आहे. परंतु माझ्या मते त्याच्या युक्तिवादाचा पहिला भाग अमर आहे आणि दुसरा कालबाह्य. जातीचे खंडन करून झाल्यावर जातवार वाटलेल्या आकाशाचे प्रमाणपत्र दाखविण्याची गरज नव्हती. पराभूताने विजेत्याची बेडी सोन्याची करून घालावी, तसे हे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये ज्योतिषाचे अभ्यासक्रम पुढे आणले, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांविरुद्धची याचिका फेटाळली, २०२१ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने त्याची एम. ए. पदवी सुरू केली. पदवीमुळे अधिकार मिळतो, सत्य मिळत नाही.

ब्रह्मदेशाने ४ जानेवारी १९४८ रोजी पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी स्वातंत्र्य स्वीकारले ते ज्योतिष्यांच्या सल्ल्यावरून, असा दाखलाही कोणी देईल. बौद्ध देशांनी जे केले ते सर्व बुद्धवचन होत नाही. बाबासाहेबांनी नागपूरच्या दीक्षेसाठी १४ ऑक्टोबर १९५६ हा विजयादशमीचा दिवस निवडला तो अशोकाच्या धम्मस्वीकाराचे स्मरण म्हणून. तो दिवस इतिहासाने ठरविला, पंचांगातील मुहूर्ताने नव्हे.

येथे एका सूक्ष्म धोक्याची सूचना देतो. काही प्रवचनांतून ग्रह खोटे म्हणून सांगितले जाते आणि लगेच ‘हे तुमच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ’ अशी पुस्ती जोडली जाते. दैव बदलले, दैववाद तसाच राहिला. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात सुखदुःखाची पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुमान, विषम वागणूक, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे दिली असून सारे काही पूर्वकर्मानेच घडते हे मत चुकीचे ठरविले आहे. अंगुत्तरनिकायातील तित्थायतनसुत्त तेच अधिक निक्षून सांगते. बाबासाहेबांनीही पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत स्वीकारलेला नाही. शनीच्या जागी पूर्वकर्म बसवून आपली सुटका होणार नाही.

ग्रंथाकडे शेवटचे वळतो. ‘शतपथब्राह्मणा’तील कृत्तिकांच्या उल्लेखावरून दीक्षितांनी काढलेला इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा काळ वादग्रस्त आहे. एका वाक्यावर एवढे मोठे बांधकाम करू नये असे अनेक विद्वानांचे मत असून ते मला ग्राह्य वाटते. गणिताची प्रकरणे सामान्य वाचकाला कठीण जातील. त्याने वेदकाल व वेदांगकाल यांचे उपसंहार, वार आणि राशी यांची चर्चा, सायन-निरयनवाद आणि जातकस्कंध एवढे भाग प्रथम वाचावेत. दीक्षितांचे मराठी साधे आहे. मत आणि पुरावा ते वेगळे ठेवतात, म्हणूनच त्यांच्याशी मतभेद करण्याची साधनेही त्यांच्याच ग्रंथात मिळतात. ही सचोटी दुर्मीळ आहे.

इतिहासाने मूळ कळते, परीक्षा प्रयोगानेच होते. ती महाराष्ट्रात झालेली आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ज्योतिष्यांना आवाहन केले. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिकांतून प्रत्येकाला चाळीस देण्यात आल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील ते ओळखावयास सांगितले. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली. त्यांची बरोबर उत्तरे सरासरीने शेकडा ४६ निघाली. नाणे उडविले असते तर शेकडा ५० च्या आसपास मिळाली असती. हा निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची हत्या झाली. प्रश्न विचारण्याची किंमत किती असते, हे बैठकीत गप्प बसताना आपण आठवावे.

ते गृहस्थ पुन्हा भेटले तेव्हा ग्रंथाचा पहिला भाग त्यांच्या पिशवीत होता. मोडलेले लग्न जुळले नाही. मात्र त्यांनी घरात ठरविले आहे की यापुढे पत्रिका कोणी मागितली तर नाही म्हणावयाचे, आणि का नाही तेही समोर बसून सांगावयाचे. त्यासाठी त्यांनी वहीत छत्तीस गुणांचा तक्ता उतरून घेतला असून ‘वर्ण’ या शब्दाखाली रेघ ओढली आहे. प्रत्येक विहाराच्या ग्रंथालयात दीक्षितांचा हा ग्रंथ दीघनिकायाच्या शेजारी असावा. अंगुत्तरनिकायातील सुपुब्बण्हसुत्ताचा आशय असा की जो सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी काया, वाचा, मनाने चांगले वागतो त्याची सकाळ, दुपार आणि संध्याकाळ शुभच असते. एवढे पंचांग आपल्याला पुरेसे आहे.